महिनाअखेरची जीप

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान मोठे साहेब येणार म्हटलं की कुणीतरी झटकतं. किस्से कोण झटकणार? आणि आमच्याकडं तर दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी कुणीतरी रिटायर होतं, नारळ घेऊन जातं आणि एक किस्सा मागं ठेवून जातं. नारळ ऑफिसचा, किस्सा त्याच्या पदरचा!

मी मंगल. माहेर पिंपळीचं, सासर बारामतीतलंच. इथल्याच आमच्या ऑफिसात आस्थापनेचं टेबल माझ्याकडं. म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कुणाची बदली, कुणाची रजा, हे सगळं मी बघते. दर महिन्याला पुण्याला माहिती पाठवायची: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती. खात्याचं नाव मात्र विचारू नका. सांगितलं की लगेच तुमचं एखादं अडकलेलं काम निघेल, आणि ते माझ्याच्यानं काय होणार नाही!

आमचे हे म्हणतात, "तुझ्या ऑफिसात कामं कमी आणि निरोप समारंभ जास्त." मी सुरुवातीला चिडायचे. आता चिडत नाही, कारण खरंच आहे ते. येणारा एखादा चुकूनमाकून येतो. जाणाऱ्यांची मात्र रांग लागलेली!

\*\*\*

आमच्याकडं एक पद्धत आहे. कुणी सुरू केली कुणाला माहीत नाही. रिटायर होणारा माणूस शिपाई असो नाहीतर हेडक्लार्क, त्या दिवशी त्याला साहेबांच्या जीपमधून घरी सोडायचं. आणि मागं कोंबून नाही, पुढं, ड्रायव्हरच्या डावीकडं, साहेबांच्या सीटवर! जीआर नसताना इतकी वर्षं सुरळीत चाललेली आमच्या ऑफिसातली ही एकमेव गोष्ट.

जीप चालवायचे सर्जेराव तात्या. इंदापूरकडच्या कळस गावचे. पांढरा ड्रेस कडक इस्त्रीचा, मिशी त्याहून कडक. फेटा बांधलेला, हार घातलेला माणूस सीटवर अंग चोरून बसायचा, तर तात्या म्हणायचे, "आवं, ऐटीत बसा! उद्यापास्नं घरात कोण ऐटीत बसू देणार न्हाय!"

आणि घर आलं की तात्या टुणकन खाली उतरायचे, बोनेटच्या पुढून वळसा घालून पलीकडं जायचे आणि दार उघडून अदबीनं बाजूला उभे राहायचे. आमचा एक शिपाई पिंपळीचाच, शंकरमामा. जन्मभर दुसऱ्यांना पाणी दिलेला माणूस. तो असा जीपमधून उतरला तेव्हा त्याची सून ओट्यावर उभी होती. घरात त्या सुनेपुढं मामाची काय किंमत होती हे सगळ्या पिंपळीला ठाऊक! पण ड्रायव्हरनं सासऱ्याला दार उघडून दिलेलं बघितलं, आणि तिनं पटकन डोक्यावर पदर घेतला. मामा दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "मंगे, आज न मागता च्या आला गं!"

आता आतली गोष्ट सांगते. त्या बाजूच्या दाराचं हँडल आतून मोडलेलं होतं! काच पण अर्ध्यावर अडकलेली. आत बसलेल्याला दार उघडताच यायचं नाही. बाहेरून कुणी उघडेल तेव्हाच सुटका. तात्या धावत जायचे ते म्हणूनच. साहेब लोकांना वाटायचं काय अदब, काय संस्कार! कितीतरी साहेब आले नि गेले, पण एकालाही हँडल मोडल्याचं कळलं नाही. कारण साहेबाला स्वतः दार उघडायची सवयच नसते.

एकदा गॅरेजवाला दुरुस्त्या लिहून घ्यायला आला. मी म्हटलं, "तात्या, ते हँडल टाका की यात."

तात्यांनी मला बाजूला नेलं. "ऱ्हाऊ द्या मंगलताई. दार चांगलं झालं की मला पळायचं कारण न्हाय, आन् मग माणूस आपला आपणच उतरंल. शंकरमामाच्या सुनंचं त्वांड बघितलं हुतं नव्हं? दार कुणीतरी उघडून दिलं पायजे. त्याबिगर घरच्यांना कळत न्हाय, की ह्या माणसानं काय तरी केलं जन्मात."

 मग तात्या जरा लाजत म्हणाले, "माझी बी येळ येणार हाय की. म्या पण एकदा त्या सीटवर बसून कळसला जाणार. आमच्या हिराबाईनं बघितलं पायजे."

हिराबाई म्हणजे तात्यांची बायको. आम्ही त्यांना हिराकाकू म्हणतो. ऑफिसात तात्यांनी कुणापुढं कशासाठी तोंड उघडलं नाही कधी. बदली मागितली नाही, बढती मागितली नाही. ही एवढी एकच हौस. तेव्हापासून मी मनात धरूनच ठेवलं होतं, की ही झालीच पाहिजे.

\*\*\*

रिटायर झालेला माणूस खरंच जातो असं समजू नका. आमचे रेकॉर्डचे जाधवभाऊसाहेब रिटायर झाले, जीपनं घरी गेले, आणि दोन दिवसांनी सकाळी आपले डबा घेऊन हजर! मी म्हटलं, "काय विसरलं का?"

"काही नाही हो. घरी सकाळी सकाळी मेथी निवडायला बसवतात."

त्यांची जागा भरलेलीच नव्हती, त्यामुळं खुर्ची मोकळीच. बसायला लागले. चहा प्यायचे, पेपर वाचायचे, जेवून जरा डुलकी काढायचे. म्हणजे रिटायर होण्याआधी जे करायचे तेच!

तेवढ्यात ऑफिसला नवीन साहेब आले. शिस्तीचे भोक्ते. पहिल्याच आठवड्यात सकाळी दारात घड्याळ धरून उभे. जाधवभाऊसाहेब अकराच्या पुढं डुलत डुलत आले. साहेबांनी काहीच विचारलं नाही. सरळ मेमो! उशिरा आल्याबद्दल कारणे दाखवा!

मी साहेबांना सांगायला उठले, तर जाधवभाऊसाहेबांनी मला हातानं थांबवलं. खाली बसले, कागद ओढला आणि झरझर उत्तर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. "झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहे. यापुढे वेळेत येईन."

आणि खरं सांगते, पुढं ते वेळेत यायला लागले! नोकरीत असताना कधी आले नव्हते!

\*\*\*

ते साहेब बदलून गेले आणि मॅडम आल्या. साताऱ्याकडच्या. वयानं लहान, बोलणं मोजकं. आमचे हेडक्लार्क घोलपभाऊसाहेब म्हणाले, "पोरगी आहे हो. ऑफिस कळायला वर्ष जाईल."

पहिल्या दिवशी तात्या त्यांना विश्रामगृहावरून घेऊन आले. जीप ऑफिससमोर थांबली. आम्ही पुष्पगुच्छ घेऊन पायरीवर उभे. तात्या पळत गेले, दार उघडलं, अदबीनं उभे राहिले. मॅडम उतरल्या आणि म्हणाल्या, "तात्या, असं दार वगैरे उघडायची गरज नाही हं."

"न्हाय मॅडम, पद्धत हाय हितली."

मॅडमनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा तात्यांकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि आत गेल्या. घोलपभाऊसाहेब माझ्या कानात म्हणाले, "बघा, पहिल्याच दिवशी मान आवडला!"

\*\*\*

आता घोलपभाऊसाहेबांचंच ऐका. लोक रिटायर होत गेले तसा त्यांचा चार्ज घोलपांच्या गळ्यात पडत गेला. नवीन माणूस मिळेपर्यंत तात्पुरता, असं ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं. आमच्याकडं तात्पुरतं म्हणजे काय ते विचारू नका! होता होता चार टेबलं एकट्या घोलपांकडं. पण माणूस नियमाचा पक्का. या टेबलाचं काम त्या टेबलावर करणार नाही.

पिंपळीचे एक आबा अर्ज घेऊन आले. घोलप आवक टेबलावर बसले होते. शिक्का मारला आणि म्हणाले, "आता पलीकडच्या टेबलावर जा."

आबा पलीकडं गेले. घोलप उठले, चष्मा पुसला, पलीकडं जाऊन बसले. अर्ज उलटासुलटा बघितला, वर शेरा मारला. "हं. आता तपासणीला खिडकीजवळ."

आबा खिडकीजवळ. घोलप खिडकीजवळ. तिथं घोलपांनी वरच्या शेऱ्याकडं बघून कपाळाला आठी घातली. "हे कुणी लिहिलंय? अक्षर लागत नाही!" आणि आबांना परत मागच्या टेबलावर पाठवलं. आबांच्या मागोमाग स्वतः गेले, तो शेरा नीट लिहून दिला, आणि पुन्हा खिडकीजवळ येऊन बसले.

शेवटी चौथ्या टेबलावर अर्ज मंजुरीला ठेवून घेतला. आबा बराच वेळ घोलपांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "सायेब, येक इचारू का? राग मानू नका. तुमी चौघं सख्खं भाऊ हाय का?"

\*\*\*

जाणाऱ्यांचा खरा हंगाम म्हणजे एकतीस मे. आमच्या पिढीच्या आधीच्या लोकांचे वाढदिवस बघा, निम्मे लोक एक जूनचे! आईला आठवायचं नाही, बापाला ठाऊक नसायचं, मग शाळेत घालताना गुरुजी आपले ठोकून द्यायचे, एक जून. आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशी रिटायर होतो. त्यामुळं मे संपताना सगळी ऑफिसं भसाभस रिकामी होतात. तात्या म्हणायचे, "गुरुजींच्या हिशेबानं अख्खा तालुका येकाच दिशी जलमला. सुईणीचं काय हाल झालं असतील बघा!"

आमच्याकडं दोन भाऊ शिपाई होते. थोरले भगवान, धाकटे ज्ञानदेव. लहानपणी थोरला शेळ्या राखायचा, म्हणून शाळेत उशिरा गेला. गुरुजींनी दोघांना एक जूनच दिली, पण वर्ष घातलं अंदाजानं. झालं! कागदावर धाकटा थोरला झाला आणि थोरला धाकटा. जन्मभर कुणाला काही फरक पडला नाही. फरक पडला तो ज्ञानदेव आधी रिटायर झाला तेव्हा.

मॅडमना हे काय माहीत? भाषणात म्हणाल्या, "ज्ञानदेवराव, तुमचे धाकटे बंधू अजून इथंच आहेत. त्यांची काळजी आम्ही घेऊ."

भगवानराव उठले. माणूस तापट, आता काही खरं नाही असं वाटलं. पण ते सरळ पुढं गेले आणि सगळ्यांदेखत वाकून धाकट्याच्या पाया पडले! म्हणाले, "मॅडम, धाकटा त्यो हाय. पर सरकार म्हणतंय त्यो थोरला. मग थोरला!"

सगळं ऑफिस हसलं आणि ज्ञानदेव ढसाढसा रडला. मग जीपमध्ये बसल्यावर डोळे पुसले आणि खिडकीच्या अर्ध्या काचेतून भावाला हाक मारली, "दादा, तुझं अजून वय झाल्यालं न्हाय. नीट नोकरी कर!"

ज्ञानदेवला सोडून परत येताना तात्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काय न्हाय. म्या बी एक जूनचाच. फुडल्या मेला माझा नंबर."

\*\*\*

अधेमधे कुणी येतच नाही असं नाही हं. एकदा खरोखरचा, परीक्षा देऊन निवडलेला क्लार्क आला. अक्षय नाव, परभणीकडचा. आम्हाला काय आनंद! घोलपभाऊसाहेबांनी तर टेबल स्वतः पुसून दिलं. आपलं एक टेबल कमी होणार म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी! मी पुण्याला कळवलं: एक पद भरले.

पोरगा गुणी. वेळेवर यायचा, मान खाली घालून वाचत बसायचा. मॅडम म्हणाल्या, "बघा, नियम वाचतोय." जवळ जाऊन बघितलं तर पुढच्या परीक्षेची पुस्तकं! आणि लागला की तो दुसरीकडं, वरच्या पोस्टवर. पेढे घेऊन आला. मी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, तुझ्या हाराची फुलं अजून सुकली नाहीत!"

"मॅडम, खरं सांगू का," तो मला म्हणाला, "अकॅडमीत फार गोंगाट असतो. तुमच्याकडं शांतता छान आहे. कुणीच नसतं ना!"

तात्या दारातून ऐकत होते. म्हणाले, "इथून फुडं नव्या माणसाचा रुजूचा आन् निरोपाचा सत्कार येकदमच करत चला. हार येकच लागंल."

जाताना अक्षयनं हौसेनं विचारलं, "तात्या, मला पण जीपनं सोडणार?"

"सोडतो की. यष्टी ष्टँडपातूर. पर मागं बसायचं!"

\*\*\*

मग एक दिवस पुण्याहून व्हीसी लागली. स्क्रीनवर मोठे साहेब. त्यांनी सगळ्या ऑफिसांची रिक्त पदं वाचली आणि आमच्यापाशी थांबले. "वा! तुमच्याकडची रिक्त पदं एकदम कमी झाली. अभिनंदन!"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी घोलपांकडं बघितलं. आमच्याकडं तर अक्षयनंतर एक माणूस आला नव्हता! नंतर पत्र आलं तेव्हा उलगडा झाला. रिकाम्या खुर्च्या भरल्या नव्हत्या, खुर्च्याच काढून टाकल्या होत्या. मंजूर पदंच रद्द! मंजूर नाही म्हटल्यावर रिक्त कसली राहणार? हे म्हणजे पोरं नापास होतात म्हणून वर्गच बंद करायचा!

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, की वाहनचालकाचं पद सध्याचा कर्मचारी निवृत्त होताच आपोआप रद्द समजावं. मी ते तात्यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं असं नंतर वाटलं.

तात्यांनी गाडी पुसायचं फडकं झटकलं. "म्हंजी माझ्यासंगं माझी जागा बी जाणार?"

"हो."

"मग मला सोडायला कोण येणार?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं! इतक्या लोकांना जीपनं घरी सोडणारा माणूस एकच होता, आणि आता त्याचीच पाळी. जीप चालवायला दुसरं कुणीच नव्हतं.

\*\*\*

मे उजाडला तसा मी जोर लावला. घोलप म्हणाले, भाड्यानं एखादी चांगली एसी गाडी आणू, सगळे वर्गणी काढू. तात्या ऐकेनात. "उडतं ईमान आणलं तरी नको. बसलो तर ह्याच जिपंत, त्याच सीटवर. न्हायतर जातो यष्टीनं."

मग मी मॅडमच्या सहीनं इंदापूरकडच्या आमच्याच एका ऑफिसला पत्र दिलं: एकतीस मे रोजी एका दिवसासाठी आपला वाहनचालक उपलब्ध करून द्यावा. रोज टपालाची वाट बघत होते. तात्या विचारायचे नाहीत, पण टपाल आलं की फडकं घेऊन माझ्या खिडकीपाशी घुटमळायचे.

तिकडूनही पत्र आलं. पण ते आमच्या पत्राचं उत्तर नव्हतं. आम्ही पत्र धाडलं त्याच दिवशी त्यांनीही आम्हाला लिहिलं होतं: आमचा वाहनचालक एकतीस मे रोजी निवृत्त होत असल्यानं, त्यास घरी सोडण्याकरिता एका दिवसासाठी आपला वाहनचालक उपलब्ध करून द्यावा!

तोही एक जूनचा!

घोलप हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मी पण हसले, आणि मग खिडकीबाहेर तात्यांचा चेहरा बघितला नि मला गुरुजींचा, पुण्याचा, सगळ्यांचा असा राग आला! तात्या मात्र शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या मंगलताई. लोकांना सोडलं तसं म्या माझ्या मला सोडीन. तेवढी गाडी माघारी आणायचं काय ते तुमी बघा."

\*\*\*

एकतीस मेला ऊन असं, की पायरीवर पाय ठेववत नव्हता. समारंभ झाला. घोलपांनी भाषण लांबवलं, भगवानरावांनी फेटा बांधला, जाधवभाऊसाहेब तर खास वेळेत आले. तात्यांना बोलायला सांगितलं तर उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला आणि खाली बसले.

बाहेर आलो. जीप धुऊन लख्ख केलेली. सकाळी तात्यांनीच धुतली होती. गळ्यात हार, डोक्यावर फेटा, बगलेत नारळ, अशा थाटात तात्या उजवीकडं गेले, स्टिअरिंगपुढं बसले आणि हार मध्ये येतो म्हणून पाठीवर टाकला. मला ते बघवेना. मी मान फिरवली.

तेवढ्यात मॅडमचा आवाज आला. "तात्या, खाली उतरा. पलीकडं बसा."

तात्यांना कळेना. "आन् गाडी?"

"मी चालवते."

घोलपांचा आ वासलेला. तात्या म्हणाले, "मॅडम, न्हाय. हे नियमात बसत न्हाय. आन् ही जुनी गाडी, गिअर लई अवघड..."

"आमच्या गावाकडं वडिलांची अशीच होती. तीच चालवायला शिकले मी. आणि नियमाचं म्हणाल तर ऑफिस सुटेपर्यंत तुम्ही नोकरीत आहात. नोकरीत असलेल्यानं साहेबाचं ऐकायचं असतं. बसा पलीकडं!"

तात्या बसले. दार मी बाहेरून लावलं, आणि घोलप नि मी मागं चढलो.

बारामती सुटेपर्यंत मॅडमनी दोनदा गिअर खरखरवला. दोन्ही वेळा तात्यांनी छातीवर हात ठेवला. स्पीडब्रेकर आला की त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबायला जायचा, तिथं ब्रेक कुठला! हात कुठं ठेवावेत तेच त्यांना समजेना. आधी मांडीवर ठेवले, मग नारळावर. अंग चोरून पार दाराला चिकटले होते.

भवानीनगर मागं पडलं. मॅडम समोर बघतच म्हणाल्या, "तात्या, ऐटीत बसा. उद्यापासून घरात कोण बसू देणार नाही."

तात्यांनी चमकून बघितलं. मग हसले. जंक्शन गावावरून कळसच्या रस्त्याला लागलो तेव्हा कुठं त्यांनी पाठ टेकली.

वस्तीवर सगळी भावकी जमली होती. पोरंटोरं, म्हातारी माणसं. दारात हिराकाकू, नवं लुगडं, हातात औक्षणाचं ताट. मॅडमनी जीप बरोबर काकूंच्या समोर आणून उभी केली आणि इंजिन बंद केलं.

तात्यांचा हात सवयीनं हँडलकडं गेला आणि तिथंच थांबला. मी आणि घोलपांनी एकमेकांकडं बघितलं. एवढ्या सगळ्या गडबडीत हे आम्ही पार विसरलो होतो! बाहेर अख्खी वस्ती बघतेय आणि आत तात्या नारळ धरून अडकून बसलेले. मी पटकन मागून उतरायला धडपडले, तर माझी साडी सीटच्या पत्र्यात अडकली.

तोवर मॅडम खाली उतरल्या होत्या. पळाल्या नाहीत. बोनेटच्या पुढून वळसा घालून सावकाश पलीकडं गेल्या, दार उघडलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. अगदी तात्या राहायचे तशा.

 कुणीतरी मागून म्हणालं, "आरं, सायेबबाय दार उघडत्यात!"  हिराकाकूंनी ताट एका हातात धरून डोक्यावरचा पदर नीट केला.

तात्या उतरेनात. डोळे भरलेले, मान खाली. मॅडमकडं वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं. ते हँडल आतनं मोडल्यालं हाय. लई दिस झालं. म्याच मुद्दाम..."

"माहीत आहे मला," मॅडम तितक्याच हळू म्हणाल्या. "मी रुजू झाले त्याच दिवशी कळलं होतं. उतरा तात्या. ऐटीत!"